आठ घरच्या आठ कोंबड्या

अमरावती, ता. ११ जानेवारी १८६४, सोमवार

सौ. लेयावहिनींस मिलकाबाईचे अनेक सलाम, वि. वि.

येथील सर्व क्षेम असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. खरे म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी कापसाचे गठ्ठे दाबायच्या कारखान्यात तुळई निसटून ह्यांच्या मांडीवर पडली. हाड मोडले, ताप हटत नाही. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून कापसाला सोन्याचा भाव आला आहे. सुताराच्या मांडीला अजून आलेला नाही.

डॉक्टर म्हणाले, रोज कोंबडीचा रस्सा पोटात गेला नाही तर माणूस टिकणार नाही. हे आपल्या जमातीच्या कानी गेले मात्र! अमरावतीत आमचे सोडून आपली बेने इस्राएलांची घरे आठ. काल सकाळी आठही घरांतून एकेक कोंबडी आली, जिवंत. आपल्या शास्त्राने ती कापणारा गावात कोणी उरला नाही हे सगळ्यांस ठाऊक. गाव सोडून गेलेल्या कापणाऱ्याला दुसरे कोणी बोलावील, असे प्रत्येकाने धरले. शेजारची पार्बताबाई विचारते, तुमच्या घरी मानूस बिमार हाय का कोंबड्याईचा बजार भरून राहिला? दुसऱ्याने कापलेली हे तोंडात घेत नाहीत.

तो कापणारा म्हणजे तुमचे यजमान, माझे दादा. खाच पडलेल्या सुरीने कापलेले आपल्यात चालत नाही हे खरे, पण गेल्या नव्याच्या सणाला, वर्षाच्या पहिल्याच दिवशी, ह्यांनी दादांची सुरी भर जमातीत नखावर फिरवली आणि खाच आहे म्हणून पुकारले. दादा त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचलून अकोल्यास गेले. ती सुरी माझ्या घरात शिरणार नाही, ही त्यांची शपथ मला पाठ आहे. तरी विचारून पाहा. वहिनी, मला फार भीती वाटते.

मुलांस आशीर्वाद. आहे तो लोभ नासू देऊ नये.
मिलका

अकोला, ता. १५ जानेवारी, शुक्रवार

सौ. मिलकावन्सं यांस लेयाबाईचे सलाम, वि. वि.

पत्र पावले, मोठ्याने वाचले. तुमच्या दादांना काही ऐकू आले नाही. फक्त तापाचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, एवढा नामांकित सुतार आहे, करवतीने कापावी. तेव्हापासून दगडावर सुरी घासत बसले आहेत. घरात कापायला भोपळासुद्धा नाही.

शपथेचाही निकाल लागला. सुरी घरात शिरणार नाही असे ते म्हणाले होते. अंगणाचे नाव त्यांनी घेतले नव्हते. उद्याचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, उलटला की परवा नत्थुजीच्या कापसाच्या गाडीवर बसून निघतील. तुमच्याकडे येत नाहीत हो, अमरावतीस कापसाचा भाव पाहायला जात आहेत. आमच्या घरी कापूस आहे तो उशीत.

भावोजींना म्हणावे, चार दिवस तग धरा. मी रोज देवाजवळ तेच मागते आहे.

माया आहे ती वाढवावी, उणी करू नये.
लेया

अमरावती, ता. २४ जानेवारी, रविवार

सौ. लेयावहिनींस सलाम, वि. वि.

गुरुवारी दादा आले. दाढीत सरकी, अंगभर कापूस. अंगणात उभे राहून त्यांनी भिंतीला कापसाचा भाव विचारला. हे आतून म्हणाले, आधी सुरी दाखवा. अंगात ताप, पण खोड जाईल तर शपथ!

मी सुरी आत नेली; ती आपल्या पायाने शिरली नाही, म्हणून शपथही राहिली. ह्यांनी नखावर फिरवली आणि खाच आहे म्हणाले. दादांनी घासून दिली. पुन्हा खाच. तिसऱ्यांदाही खाच, आणि ती हाताने दाखवल्याशिवाय समजायची नाही म्हणे. दादा तरातरा उंबरा ओलांडून खाटेपाशी आले. वहिनी, मी सुताराची बायको आहे. तिन्ही वेळा वाटेत मी पाते बोटाने पाहिले होते. खाच कुठेच नव्हती.

ह्यांनी दादांचा हात धरला तो सोडला नाही. म्हणाले, त्या दिवशी खाच होती, पण ती तुमच्या कानात सांगायची होती, चुकलो. दोघेही रडले. मीही रडले आणि मग आधण ठेवले. अर्धी वाटी रस्सा पोटात गेला. आज ताप उतरला आहे.

कोंबड्या संपल्या की निघतो, असे दादांनी जमातीला बजावले आहे. आतापर्यंत तीन कापल्या. आज सकाळी डालगे उचलले तर खाली पुन्हा आठ. आठ घरांपैकी सुभेदारीणबाईंना विचारले, तर त्या आभाळाकडे बघायला लागल्या.

तुमचा माणूस अडकवून ठेवला म्हणून लोभ तोडू नये.
मिलका

अकोला, ता. ११ फेब्रुवारी, गुरुवार

सौ. मिलकावन्सं यांस सलाम, वि. वि.

भावोजी काठी धरून उभे राहिले हे तुमच्या मागच्या पत्रात वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या दादांचेही पत्र आले. लिहितात की पंधरा कापल्या, नऊ उरल्या, आजाऱ्याला सोडून येववत नाही. अलिबागेच्या मिशन शाळेत माझे गणित कच्चे होते, पण इतकेही नव्हते. ह्या हिशेबाने माझे यजमान जन्मभर तुमच्या अंगणात राहतील. त्या आठ घरांना माझे सलाम सांगा आणि म्हणावे, देवाने एवढी अक्कल दिली होती तर ती पहिल्याच रविवारी का नाही वापरली?

तेव्हा आम्ही येत्या रविवारी निघतो आहोत. मुले, अंथरुणे, धार लावायचा दगड, सगळे घेऊन. अकोल्याचे बिऱ्हाड मोडले.

रिकाम्या हाताने आजाऱ्याच्या घरी जाऊ नये, म्हणून गाडीत एक कोंबडी बांधली आहे. ह्यांना सांगू नये. पोहोचले की गुपचूप डालग्याखाली सोडीन.

असाच लोभ धरावा, आता जवळून.
लेया