किती ढील द्यायची

२ फेब्रुवारी, अमरावती
बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. जलदान विधीच्या दिवशी आईने सगळ्यांसमोर विचारलं, ते गेले त्या दुपारी त्यायनं शेवटचा फोन तुलेच लावला होता, काय बोलले? मी म्हटलं, रेंज नव्हती. खरं म्हणजे मी कट केला. स्कॅन जुळवत होतो. येत्या रविवारी अकोल्याला जाऊन खरं सांगायचं. नक्की.

५ फेब्रुवारी
काम अवघड आहे. एका पेशंटचे दोन स्कॅन. एकात मेंदूची रचना स्पष्ट. दुसऱ्यात मेंदू काम करताना दिसतो, पण धूसर, कपाळाकडे ओढल्यासारखा. दुसरा कॉम्प्युटरवर वाकवून पहिल्यावर बसवायचा. किती वाकू द्यायचं याला मर्यादा असते. सहदेव सर तिला ढील म्हणतात. कमीच ठेवा म्हणाले. सात नंबरचा पेशंट काही केल्या बसत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. सात नंबर. जठारपेठेत आईजवळ राहणाऱ्या नीलमला, म्हणजे बहिणीला, फोन केला. बोलता बोलता म्हटलं, त्या दिवशी फोन सायलेंटवर होता. ती म्हणे, मागं तर रेंज नव्हती तुले. मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणे, तू लोकायचे डोके सरळ करून राहिला, इथं आई वाट पाहून राहिली.

११ फेब्रुवारी
ढील थोडी वाढवली. थोडीच.

१३ फेब्रुवारी, सकाळ
ढील पूर्ण सोडली. सात नंबर बसला. काठाला काठ. शांतपणे विचार केला तर फोन मी कट केला असंही म्हणता येणार नाही. बोट लागलं असेल.

१४ फेब्रुवारी
सरांना दाखवलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, रचनेचा स्कॅन नऊ नंबरचा आहे, हे दोन वेगळे माणसं आहेत. फाइल मीच चुकीची टाकली होती. सर म्हणाले, इतकी ढील दिली तर भोपळाही बसते बाप्पा.

१५ फेब्रुवारी, रविवार, अकोला
आईला सांगितलं. आधी बोटाचं सांगितलं. मग तेही खोटं आहे हे सांगितलं. ती वांगी चिरत होती. म्हणाली, मले माईत आहे. मी त्यायच्या जवळच बसली होती. दोनदा वाजला अन् कटला. रेंज नसती तर वाजला असता काय?
मग मले तवाच काहून नाही म्हटलं, असं मी विचारलं.
म्हणाली, रेंजचं तर बाबाच म्हणाले. फोन खाली ठेवला अन् म्हणाले, रेंज नसन पोराले. तू बी तेच म्हटलं. मग मी काय बोलू?
जेवलो. सात नंबर उद्या पहिल्यापासून.