शाळेसमोरचा सिग्नल

दादा,

हे पत्र मी काही पाठवणार नाही. "मी म्हटलं होतं ना!" हे तुझं लाडकं वाक्य मला ऐकायचं नाहीये.

शाळेसमोर अखेर सिग्नल आला. रस्तेवाल्या साहेबांच्या कचेरीत खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. म्हणायला मुलांसाठी, पण खरं तर बाबांसाठी. रोज सकाळी लाल छत्री आडवी धरून ते मुलांसाठी ट्रक थांबवायचे आणि इकडे माझा जीव टांगणीला लागायचा.

तू फोनवर म्हणालास, "आधी बाबांना विचार." मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय?"

आता मुलं बटण दाबतात, गाड्या थांबतात. छत्री खुंटीवर लटकलीय. बाबांनी दाढी करणंसुद्धा सोडलंय.

काल मीच त्यांना बळेबळे शाळेपर्यंत नेलं. ते कडेला नुसते उभे होते. दिवा हिरवा झाला आणि एका चिमुरडीने त्यांचा हात धरला. "चला आजोबा, घाबरू नका," म्हणत तिने त्यांना जपून पलीकडे नेलं.

त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं रे. तरी मुकाट्याने गेले.

तुझं हट्टी
शेंडेफळ