शेवटचं वाक्य कोणाचं?

ब्रॅडफर्ड,
गुरुवार, ५ नोव्हेंबर १९४२

ती. ताबिथाताईस,
धाकट्या रूबेनचा स. न. वि. वि.

अंड्यांचा डबा पोचला. दोन फुटली होती, तीही तू गुंडाळलेल्या मोज्यांतच, त्यामुळे वाया काही गेलं नाही. आमच्या घरमालकीणबाई मिसेस क्लेग यांनी त्यांचं ऑम्लेट केलं. मोज्यांतून कशी काढली ते मी विचारलं नाही.

नाटकाची तालीम संपत आली. लढाई चालू असताना लोक पैसे देऊन पुन्हा लढाईच कशाला बघतील, असं तू विचारलं होतंस. हाच प्रश्न ब्रॅडफर्डकरांनाही पडलेला दिसतो, कारण तिकिटं खपत नाहीत. पण नाटकात लढाई अशी नाहीच. नदीकाठी एक चौकी आहे आणि तिथे अडकलेले चार शिपाई. माझा कॉर्पोरल मागचं महायुद्ध पाहिलेला, त्यामुळे मला मिशीशिवाय काही चिकटवावं लागत नाही. तो मदत आणायला एकटाच अंधारात निघतो. बाकीचे त्याची आशा सोडून देतात. अखेर तो परत येतो, तेव्हा त्याचाच पहारेकरी बंदूक रोखून ओरडतो, कोण आहे तिकडे. मी म्हणतो, मित्र. त्यावर एकच वाक्य येतं आणि पडदा पडतो.

ते वाक्य मी तुला लिहिणार नाही. नाटकातलं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी कोणी उच्चारायचं नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. उच्चारलं तर नाटक पडतं म्हणतात. तालमीत त्या जागी आलो की आम्ही सगळे गप्प बसतो आणि दिग्दर्शक मिस्टर क्विल्टर टाळी वाजवून चहा मागवतात. तू म्हणशील, ही अंधश्रद्धा झाली. असेलही. मला मात्र त्यात थोडी नम्रता दिसते. लोक येऊन बसल्याशिवाय आपलं काम पुरं झालं, असं आपणच कसं म्हणावं.

आता मुद्द्याचं. सोमवारी पहिला प्रयोग आहे. शनिवारी लंडनच्या एका नाट्यगृहाचे मालक मिस्टर सॅव्हरी बघायला येणार. त्यांनी घेतलं तर नाताळात लंडन, नाहीतर कंपनी तिथेच मोडायची. इतकी वर्षं गावोगाव फिरलो, पण लंडनच्या रंगमंचावर पाय ठेवला नाही, आणि आता पन्नाशी आली. हे जमलं नाही तर मी मिशी काढून कायमचा घरी येईन. एफ्राइमच्या चीजच्या डेअरीतली जागा पुढच्या सोमवारपर्यंत माझ्यासाठी धरून ठेव म्हणावं.

कळावे. लोभ आहेच, तो कंपनी मोडली तरी मोडू नये.
तुझा,
रूबेन


थॉर्नबेक,
शनिवार, ७ नोव्हेंबर

चि. रूबेन यास,
ताबिथाचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. जे वाक्य तोंडाने बोलायचं नाही त्याचा पगार घेता, म्हणजे बरा धंदा आहे तुमचा. आमच्याकडे गाई तरी न दोहता दूध देत नाहीत.

एफ्राइमशी बोलले. तो म्हणाला, नट असला तरी रूबेनच्या खांद्यात जोर आहे, दुधाचे कॅन उचलील. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. तुझ्या खोलीला मी चुना लावून घेतला आहे. खिडकी पुसली. हे सगळं मी तू यावंस म्हणून करते आहे, उगाच लपवून काय करायचं. तुझे मेव्हणे थॉमस गेल्यापासून घरात माझ्याशी बोलायला एक कोंबडा आहे, आणि त्याचं एकच म्हणणं असतं.

तुझं नाटक मी कधी पाहिलं नाही, कारण अप्पांनी नाट्यगृहाची पायरी चढू नये असं सांगितलं होतं आणि त्यांच्या माघारी ते मोडायला मला काही कारण सापडलं नाही. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. मात्र काय व्हावं म्हणून करते, ते अजून देवाला सांगितलेलं नाही. तो विचारतही नाही.

गळ्याला लोकर बांध. जीव आहे तोवर माया कमी होणार नाही, एवढं धरून चाल.
तुझी,
ताबिथाताई


ब्रॅडफर्ड,
मंगळवार, १० नोव्हेंबर

ती. ताईस,
स. न. वि. वि.

काल जे घडलं ते सांगतो. बसून वाच.

खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मिस्टर क्विल्टरनी सर्वांत वरची स्वस्त गॅलरी जवळच्या छावणीतल्या शिपायांना फुकट दिली होती. शिपाई आले, शेंगा सोलत बसले, विनोदाला हसले, आणि दुसऱ्या अंकानंतर शेंगांचा आवाज थांबला. इथवर उत्तम. शेवटी मी अंधारातून येतो. पहारेकरी डेनिस ओरडतो, कोण आहे तिकडे. मी म्हणतो, मित्र. आणि मग काहीच नाही.

मी डेनिसकडे बघतोय. डेनिस माझ्याकडे बघतोय. मला वाटलं, पोरगा वाक्य विसरला. त्याला वाटलं, म्हातारा विसरला. पडदा ओढणाऱ्याला हुकूम होता की ते वाक्य ऐकल्याशिवाय दोरी सोडायची नाही, म्हणून तोही दोरी धरून उभा. मी मनात देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात गॅलरीतून एक जाडा, दमलेला आवाज आला. पुढे जा, मित्रा. सगळं ठीक आहे. ताई, हेच ते वाक्य. प्रत्येक पहारेकरी हेच म्हणतो, आणि त्या माणसाने ते पावसाथंडीत किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. त्याच्यामागून दुसरा म्हणाला, मग सगळी गॅलरी. खालचे कोट-टोपीवाले उभे राहिले. पडदा ओढणाऱ्याने वाक्य ऐकलं आणि दोरी सोडली, कारण वाक्य कोणी म्हणायचं हे त्याच्या हुकुमात नव्हतं.

मग घोटाळा उकलला. मिस्टर क्विल्टरनी डेनिसला सांगितलं होतं की हे वाक्य तू नको, रूबेनच स्वतःशी पुटपुटेल. पुढे त्यांचं मन फिरलं आणि त्यांनी मला सांगितलं की डेनिसकडेच राहू दे. डेनिसला सांगायचं राहिलं. तालमीत ते वाक्य कोणी म्हणतच नाही, मग चूक सापडणार कुठून. क्विल्टर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, ही चूक आता दुरुस्त करायची नाही. रोज असंच थांबायचं.

डेनिसला छातीच्या दुखण्यामुळे सैन्याने घेतलं नाही, आणि ट्राममध्ये बायका त्याला टोमणे मारतात. काल शिपायांनी मागच्या दाराशी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो बराच वेळ टोपीच शोधत होता. टोपी डोक्यावरच होती.

लोभात अंतर नाहीच. आज थोडा जास्त मागतो.
रूबेन


थॉर्नबेक,
गुरुवार, १२ नोव्हेंबर

चि. रूबेन यास,
अ. उ. आ.

पोस्टमनने पाकीट देताना विचारलं, काय म्हणतात नटसम्राट. मी सांगितलं, गप्प बसून टाळ्या घेतात.

वाचून बरं वाटलं. मात्र एक विचारते. शिपाई फुकटात आले होते, त्यांनी उत्तर दिलं. पैसे देऊन आलेला माणूस कशाला देईल. आणि कोणीच बोललं नाही तर तू तिथे किती वेळ उभा राहणार.

आशीर्वादाला तिकीट लागत नाही, तेव्हा ते नेहमीचे समज.
ताबिथाताई


ब्रॅडफर्ड,
शुक्रवार, १३ नोव्हेंबर

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तू विचारलंस तेच झालं. मंगळवारी ट्रामवर तिकिटं फाडणारी एक मुलगी गॅलरीतून बोलली आणि लोकांनी तिला उचलून धरलं. बुधवारी कोणीच बोललं नाही. मी उभा, डेनिस उभा, कोणीतरी खोकलं, कोणी खुर्चीखाली छत्री चाचपू लागलं. शेवटी डेनिसने वाक्य म्हटलं, पडदा पडला, आणि लोक ट्राम गाठायला निघाले. काल गुरुवारीही तसंच.

आज तालमीच्या वेळी वाद झाला. डेनिस म्हणाला की लंडनच्या माणसासमोर असा जुगार नको, वाक्य सरळ म्हणून टाकू. नाटक चांगलंच आहे, असंही तरेल.  मिस्टर क्विल्टर म्हणाले, अंधारात उभा रूबेन राहतो, तेव्हा त्यानेच ठरवावं.

ताई, मला लंडन हवं आहे. हे तुला लिहिताना लाज वाटते, कारण तू खोलीला चुना लावून बसली आहेस. पण सोमवारी गॅलरीने उत्तर दिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं काय करत होतो. ते कळल्यावर, भीतीपोटी ते वाक्य पुन्हा आमच्याच खिशात घालणं मला जमणार नाही. मी सांगितलं, थांबू. जे होईल ते होईल.

कोणी बोललं नाही तर मी सोमवारी सकाळी एफ्राइमच्या दारात असेन. तसं झालं तर मला काही विचारू नकोस, नुसता चहा दे.

लोभ तुझ्याकडे ठेवून निजतो.
रूबेन


ब्रॅडफर्ड,
रविवार, १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
तुझ्या भावाचे, आज जरा वाकून, स. न. वि. वि.

नाट्यगृह भरलं होतं, पण शिपाई थोडे. मिस्टर सॅव्हरी पुढच्या रांगेत मांडीवर टोपी घेऊन बसलेले मला दिसत होते. डेनिस ओरडला. मी म्हणालो, मित्र.

थांबलो. बुधवारपेक्षा जास्त थांबलो. डेनिसचा ओठ हलू लागला तसं मी मान हलवून त्याला नको म्हटलं. मिस्टर सॅव्हरींनी टोपी उचलली. माझ्या डोळ्यांपुढे दुधाचे कॅन आले, खरंच सांगतो.

मग वरून एक बाई बोलली. तिने शिपायांचं वाक्य म्हटलंच नाही. आपल्या खोऱ्यातल्या बोलीत, ओट्यावरून हाक मारावी तशी म्हणाली, ये रे बाबा आत, सगळं ठीक आहे.

 मग डाव्या बाजूने एक म्हातारा म्हणाला, ये आत. मग एक तरुण मुलगी. मग वरचे, खालचे, सगळे, जो तो आपल्या घरच्या बोलीत, आणि मला वाटतं प्रत्येकजण आपापल्या माणसाला म्हणत होता. डेनिसने बंदूक खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. हे नाटकात नाही. पडदेवाल्याने ठरलेलं वाक्य ऐकलंच नाही, पण त्यानेही दोरी सोडली. तो म्हणतो, हात डोळे पुसायला लागत होते.

पडदा पुन्हा पुन्हा वर गेला. मिस्टर सॅव्हरी आत आले आणि त्यांनी एवढंच विचारलं की मिस्टर ऑल्डरसन, म्हणजे मी, नाताळाआधी लंडनला येऊ शकतील का. डेनिस माझ्या आधी हो म्हणाला. सगळी कंपनी जायची, एकही माणूस न बदलता.

मी रंगासकट रस्त्यावर धावलो. गॅलरीच्या दारातून लोक बाहेर पडत होते, तू नव्हतीस. ताई, तो आवाज मला आंधळा झालो तरी ओळखू येईल. तू कशी आलीस आणि न भेटता का गेलीस, ते सविस्तर लिही.

तुझ्या लोभावर आता मी काय बोलावं.
रूबेन


थॉर्नबेक,
मंगळवार, १७ नोव्हेंबर

चि. रूबेन यास,
अ. उ. आ., आणि लंडनसाठी वेगळे.

तुझं शुक्रवारचं पत्र शनिवारी सकाळी मिळालं आणि मी होते तशी मोटार पकडून, पुढे रेल्वेने आले. तुला परत आणायला आले होते, हे आधी सांगते. नाटक पडलेलं असेल, तर तू एकट्याने सामान उचलू नयेस म्हणून. तिकीट काढलं तेव्हा अप्पांची आठवण झाली. त्यांना म्हटलं, भावाला घ्यायला आले आहे, पायरी मधे आली त्याला मी काय करू.

बसायला वर जागा मिळाली, शेजारी गिरणीतली एक बाई. तिने मला अर्धं सफरचंद दिलं. मला तू पहिल्यांदा ओळखू आला नाहीस, रूबेन. मिशीमुळे नाही. एवढा मोठा माणूस आमच्या घरात होता हे मला माहीत नव्हतं.

मग तू अंधारातून आलास, चिखलाने माखलेला, आणि मित्र म्हणालास. कोणी काही बोलेना. तुझं ते वाक्य मला पत्रामुळे ठाऊक होतं, आणि हेही ठाऊक होतं की मी गप्प बसले तर तू सोमवारी घरी असशील. तोंड मिटून ठेवलं होतं, सरळच सांगते. पण चॅपेलमध्ये कोणी मनापासून प्रार्थना केली आणि बाकांवरून आमेन आलं नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नाही. आणि इथे माणूस दारात उभा. तेव्हा शिपायांचे शब्द आठवलेच नाहीत, जे आले ते बोलले. मागून सगळे बोलू लागले तसं शेजारच्या बाईने माझा हात धरला आणि विचारलं, तुमचा कोण आहे लढाईवर. मी म्हटलं, लढाईवर कोणी नाही, तो काय समोर उभा आहे.

भेटले नाही, कारण भेटले असते तर रडले असते, आणि तू लंडनला जायचा नाहीस. आपल्या चॅपेलच्या ओळखीच्यांकडे राहिले आणि रविवारी सकाळच्या गाडीने निघाले. आफ्रिकेतल्या विजयाबद्दल त्या दिवशी देशभर घंटा वाजवायच्या होत्या, तुला माहीतच आहे. शत्रू उतरला तरच वाजवायच्या म्हणून इतकी वर्षं मुक्या ठेवलेल्या चर्चच्या घंटा. गाडी जिथे थांबली तिथे वाजत होत्या आणि डब्यातली अनोळखी माणसं एकमेकांना हात मिळवत होती. मीही मिळवले. माझा विजय थोडा वेगळा होता, पण कोणी विचारलं नाही.

एफ्राइमला सोमवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, जागा दुसऱ्याला द्यायला सांगितलं. तो म्हणाला, लंडनचं पक्कं झालं का. मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहून आले, अजून काय पक्कं व्हायचं. तुझी चुना लावलेली खोली शेतावर कामाला आलेल्या दोन मुलींना दिली आहे. चांगल्या आहेत, दिवसभर बडबडतात. कोंबड्याला आता बोलायला मिळत नाही.

तेव्हा उगाच घराकडे वळून बघत बसू नकोस. ये आत म्हटलं ते त्या कॉर्पोरलला. तू लंडनला जा.

तुझी,
ताबिथाताई