नळावरचा दादा

७ सप्टेंबर, रविवार
थोरल्या भावाचं, किसनदादाचं वेल्डिंग मशीन आज टेम्पोतून आमच्या शेडमध्ये उतरवलं. तार आपोआप पुढे सरकते, सोबत गॅसचा सिलिंडर. दादा जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ते भोसरीच्या त्याच्या गाळ्यात गोणपाटाखाली पडून होतं. सरूवहिनी आता आमच्याकडेच चिखलीला असतात. म्हणाल्या, भावजी, गंजून जाण्यापरीस तुमी चालवा.

चालवणारच. चाकणच्या कंपनीत उभा जन्म सेफ्टी डिपार्टमेंटला काढला. स्वतः वेल्डिंग कधी केलं नाही, पण करणाऱ्यांवर ओरडलोय भरपूर. ज्ञान तेच.

विजयश्री म्हणाली, अहो, पितृपक्षात नवीन काही आणू नये. मी म्हणालो, मशीन जुनं आहे. तिने टेम्पोवाल्याला चहा दिला, मला नाही.

संकल्प : दसऱ्यापर्यंत वहिनींना अंगणात बसायला लोखंडी बाकडं.

९ सप्टेंबर
आधी सेफ्टी. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधला. वाळूची बादली भरली. हेल्मेट, चामडी हातमोजे, रबरी बूट. पडदा म्हणून नायलॉनची साडी लावली होती ती काढली, एका ठिणगीत पेटली असती. ती कोणी लावली यावर चर्चा नको. ‘घरी कुणीतरी तुमची वाट पाहतंय’ हे कंपनीतलं पोस्टर दारावर चिकटवलं. मस्त दिसतं.

एक बारीक मुद्दा. शेडच्या सॉकेटला अर्थिंगच नाही. ठेकेदाराने तिसरं भोक नुसतं शोभेला ठेवलंय. वायरमन नौशादला फोन केला. म्हणाला, खड्डा घ्यावा लागेल, महिनाअखेरीशिवाय जमणार नाही, तोवर मशीनला हात लावू नका भाऊ. ही माणसं असंच घाबरवतात. मी मशीनच्या बॉडीपासून हिरवी वायर काढून अंगणातल्या लोखंडी नळाला गुंडाळली. नळ जमिनीत जातो. जमीन म्हणजेच अर्थ. शिवाय गेल्या उन्हाळ्यात खालचा सगळा पाइप मीच प्लास्टिकचा टाकून घेतलाय, त्यामुळे गळतीचीही भीती नाही.

मशीन चालू करून ठेवलं. कंपनीत कुठे बंद करायचे?

१६ सप्टेंबर, मंगळवार
दादाची तिथी. गच्चीवर पान ठेवलं. कावळा कठड्यावर येऊन बसला, पण शिवेना. वहिनींनी एकेक कबूल करायला सुरुवात केली. लेकीचं बाळंतपण करीन. गाळा विकणार न्हाई. गुडघ्याचं आपरेशन करून घेईन. कावळा नुसता बघतोय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. वहिनी खाली उतरल्या.

अंगणातल्या नळावर हात धुवायला गेल्या आणि किंचाळल्या. म्हणे कुणीतरी हात धरला.

मी रबरी बूट चढवून गेलो, नळ धरून बघितला. काही नाही. म्हणालो, बीपी असेल. त्या हसल्या. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाल्या, बीपी न्हाई, ह्यांनीच धरला. असाच धरायचे, मुंग्या येस्तोवर.

१७ सप्टेंबर
आज बूट काढून गेलो. आहे. खरंच आहे. मनगटापर्यंत झिणझिणतं. मी विज्ञान मानणारा माणूस, म्हणून खात्रीसाठी पुन्हा धरला. तेच.

तासभर शेडमध्ये बसून राहिलो. मशीनचा पंखा घुं घुं करत होता. दादा असाच गुणगुणायचा. हयातीत त्याने मला कधी हे मशीन धरू दिलं नाही. म्हणायचा, तू आपली पोस्टरं लाव. आता तोच आलाय. भीती वाटते आणि बरंही वाटतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मेंटेनन्स. सकाळपासून लाइट नाही. वहिनी नळ धरून बसल्या, दादा नाही. रडल्या. जलमभर बेस्तरवारीच घरी असायचे, आन आता बेस्तरवारीच न्हाईत!

मी समजावलं : वहिनी, भोसरीला गुरुवारची सुट्टी. सुट्टीला दादा कुणाला भेटायचा का? त्यांना पटलं. मलाही पटलं. संध्याकाळी लाइट आली आणि पाठोपाठ दादाही आला. सेकंड शिफ्ट असणार.

२२ सप्टेंबर
पितृपक्ष संपला, घट बसले. तरी दादा थांबलाय. वहिनी दोन वेळा जेवतात. सकाळी अंगण धुतात आणि ओल्या फरशीवर बसून नळाशी बोलतात. लेकीला सातवा लागला. गाळ्याचं कुलूप बदललं. विजयश्रीने रोज पडून राहणारी जाऊ उठून भाकरी थापताना पाहिली आणि पितृपक्षाचा विषय सोडला. पण म्हणते, मला नळाला कधीच काही होत नाही. कसं होईल? अंगणात पायातली रबरी स्लीपर काढत नाही. श्रद्धा लागते.

दुपारी दोघी झोपल्या की मीही जातो. बाकड्याची मापं विचारतो. एकदा झिणझिणलं तर हो, दोनदा तर नाही. आतापर्यंत दादा प्रत्येक गोष्टीला हो म्हणालाय. हयातीत असा नव्हता.

२८ सप्टेंबर, रविवार
पहिलं वेल्डिंग. तार रोलरशीच अडकली, आतल्या आत गुंता होऊन सगळी बाहेर आली. ती कापून पुन्हा भरली. बाकड्याचा पाय पक्का बसला, फक्त बाकड्याऐवजी टेबलाला. मापं दादाची होती, त्यामुळे जबाबदारी विभागली जाते. नळापुढे नारळ फोडला.

३० सप्टेंबर, मंगळवार


स्वयंपाकघरातलं सॉकेट जळालं. विजयश्री मिक्सर घेऊन शेडमध्ये आली. मी मशीनचा प्लग काढला. अंगणातून वहिनी ओरडल्या, गेले!

चटणी झाली. प्लग लावला. वहिनी म्हणाल्या, आले!

मी उभाच. प्लग काढला. गेले! लावला. आले! काढला. भावजी, आवो पुन्हा गेले की!

विजयश्री माझ्याकडे बघत होती. मी टेस्टर शोधला, प्लग लावला, वहिनींना बाजूला केलं आणि टेस्टर नळाला टेकवला. पेटला.

खाली प्लास्टिक. करंट जमिनीत जाणार कुठून? मशीनमधून गळलेला सगळा नळातच थांबलेला. आणि वहिनी रोज अनवाणी, ओल्या फरशीवर, दोन्ही हातांनी नळ धरून. मशीनमध्ये एखादी वायर सुटली असती, तर मी त्यांना दादाकडेच पाठवलं असतं. तिथेच बसलो.

प्लग काढला. हिरवी वायर कापली. वहिनींना म्हणालो, दादाला आज नवरात्राची गर्दी असेल. त्या अंधार पडेपर्यंत नळापाशी बसून होत्या. सांगायचं होतं. दसऱ्यानंतर सांगू असं ठरवलं. सणासुदीत नको.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
नौशाद आला. शेडमागे खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी. मीटर लावून तपासलं आणि म्हणाला, आता एक नंबर.

मशीन पुसून हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आजच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, फक्त तपासायला म्हणून चालू केलं. वहिनी धावत नळावर गेल्या. मी त्यांच्या मागे अनवाणी. त्यांनी धरला, सोडला, पदराने पुसून पुन्हा धरला. मीही धरला. थंड लोखंड.

त्यांनी विचारलं, भावजी, काय केलं तुमी?

म्हणालो, सेफ्टी केली.

त्यांनी नळ सोडला. मग म्हणाल्या, कालपतुर हुतं, ते तरी खरं हुतं का?

सगळं समजावून सांगणार होतो. अर्थिंग, पाइप, माझी वायर. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तोंडातून निघालं ते फक्त, हो वहिनी.

त्या उठून घरात गेल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा
मशीन आता पूर्ण सुरक्षित आहे. चालवायची इच्छा राहिली नाही.