काकूचं धम्मचक्र

क्रॉयडन, ४ मार्च २०२५

ती. यादवकाकांस,
गिरिजाचा सविनय जयभीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन कपाटात विश्रांती घेतंय, म्हणून पत्र.

काकूने जाण्याआधी मला दिलेलं धम्मचक्राचं लॉकेट ऑफिसात काढून ड्रॉवरमध्ये ठेवावं लागतंय. रिसेप्शनवर धर्माने सक्तीचं असेल तेवढंच चिन्ह चालेल, असा नवा नियम आलाय. आमच्यातल्या हरप्रीतची पगडी नियमात बसली. शेजारच्या टेबलावरच्या फ्लोरेन्सच्या क्रॉसबद्दल कुणी विचारलंच नाही. तो इतका सवयीचा, की इथे कुणाला दिसतच नाही! विहाराचे अध्यक्ष म्हणून दोन ओळी लिहून द्या ना, की आपल्यात हे सक्तीचं आहे. गळा फार रिकामा वाटतो हो.

तुमची लाडकी (असं काकू म्हणायची),
गिरिजा

हॅरो, ८ मार्च

चि. गिरिजास,
सप्रेम जयभीम. मशीन शिट्ट्या मारतं, त्याला मी काय करू?

तुझ्या काकूचं लॉकेट ड्रॉवरमध्ये पडलंय हे वाचून मला जेवण गेलं नाही. तरी खोटं लिहून देणार नाही. आपल्या धम्मात गळ्यात काही घालायची सक्ती नाही, म्हणून तर आपण तो घेतला. आणि खोटं न बोलण्याचं शील मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलंय. सरळ विचार, की फ्लोरेन्सचा क्रॉस तरी सक्तीचा आहे का? भीड कसली धरतेस?

नुसत्या सँडविचवर दिवस काढू नकोस.

तुझा हट्टी काका

क्रॉयडन, १९ मार्च

ती. काकांस,
सविनय जयभीम. विचारलं. मॅनेजरबाईंनी फार न्यायाने वागून फ्लोरेन्सलाही क्रॉस काढायला लावला! तो तिच्या आईचा होता, काका. बिचारी टॉयलेटमध्ये जाऊन रडली. मला बरोबरी हवी होती, तिचा गळा रिकामा नको होता.

मग आम्ही दोघींनी मिळून लिहून दिलं, की सक्ती नसली तरी दोन्ही घालायची परवानगी हवी. आधी तिचा क्रॉस लिहिला, मग माझं लॉकेट. अजून उत्तर नाही. ती माझ्याशी बोलते, माझ्या डब्यातली भाजीही संपवते. तुम्ही रागावलात का?

तुमच्या चार ओळींची वाट पाहणारी,
गिरिजा

हॅरो, २४ मार्च

चि. गिरिजास,
सप्रेम जयभीम. रागावू कशाला? आधी तिचं लिहिलंस, तिथे मला तुझी काकू दिसली. डोळे भरून आले.

ऑफिसचं उत्तर येईल तेव्हा येईल. येत्या रविवारी फ्लोरेन्सला विहारात घेऊन ये. खीर मी करतो. तू लॉकेट घाल आणि तिलाही क्रॉस घालूनच यायला सांग. आपल्या दारात गळ्यात काय आहे ते कुणी विचारत नाही.

मी मशीन लावून बसेन.

असाच जीव लावत राहा.
यादवकाका