परसातलं तांबडं पाणी

८ जानेवारी १९३८

गटार खणायला सुरुवात झाली एकदाची! मुरबाडात मोटारींच्या थांब्यापुढे नवी पेठ वसणार. तिची घाण आमच्या आळीमागच्या जुन्या दगडी गटाराला झेपायची नाही, म्हणून ते उकरून चिनी मातीचे नळ घालणार. आज गाड्यांतून आले – पेंढ्यात गुंडाळलेले, चकचकीत तपकिरी. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "घाणीला येवढी नवी भांडी! आन् आमी लोनचं घालतो फुटक्या बरनीत."

फस्सकन हसले. वाल्मिक गेल्यापासून पहिल्यांदा. मग माझाच मला राग आला.

९ जानेवारी

आज असता तर त्या नळांत शिरून बसला असता, काही केल्या बाहेर आला नसता. तीन वर्षांचं पोर माझं. गणपतीत हगवण लागली आणि बघता बघता गेला.

आळी म्हणते, शेजारच्या राहीमावशीने करणी केली. का? तर ती विधवा, तिला मूल नाही, आणि वाल्मिकला कडेवर घेऊन फिरायची. झाला पुरावा! आधी मामंजी बोलले, मग सगळ्या आळीला कंठ फुटला. तिचं सामान रस्त्यावर टाकलं. आता म्हशाला, भावाच्या गावी असते. मी तेव्हा आडवी पडले होते, मला शुद्धच नव्हती. पण आता आहे ना? तरी मला अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं, खोटं. कधी वाटतं, मग गेला कशाने?

११ जानेवारी

नुसती धूळ. भाकरी कचकचली, त्याचा बोलही मलाच.

१२ जानेवारी

गटारात वरून पाणी ओतलं की खाली नाल्यात पुरतं येत नाही. मधेच कुठे मुरतं ते कळेना. नवसू मिस्त्री नाल्यापाशी नुसता डोकं खाजवत उभा. शेवटी ओव्हरसिअरसाहेबांनी रंगाऱ्याकडून तांबडा रंग मागवला. आमच्या अंगणाबाहेरच पिंपात कालवला, मी दारातून बघितला. उद्या ओतणार – तांबडं जिथे फुटेल तिथे गळती. काय पण युक्ती!

मामंजी त्यांना म्हणत होते, "उगा कशाला रंग नासता? खनायचंच हाय तर खना की." साहेबांनी ऐकलं नाही.

१३ जानेवारी

काय लिहू!

दिवे लागायच्या सुमारास परसातल्या विहिरीवर गेले. पोहरा वर आला – पाणी तांबडं! फिकं, पण तांबडं! मी किंचाळले. सगळी आळी गोळा झाली. सगळ्यांत पुढे मामंजी – "राहीचंच काम ह्ये! रगात आनलं तिनं हिरीला!" पलीकडची सकुबाई तिथेच नारळ ओवाळायला लागली.

मी म्हटलं, "अहो, रंग आहे तो! गटारात ओतलेला! काल कालवताना बघितलाय मी."

"गप ऱ्हा!" मामंजी ओरडले.

गप राहिले. पण डोकं गप बसेना. म्हणजे गटार आमच्या विहिरीत येतं? हे पाणी आम्ही पितो? आजारपणात वाल्मिक सारखा पाणी मागायचा. मी घोट घोट पाजत होते, दुसरं काही पोटात ठरत नाही म्हणून. हेच पाणी! मीच, माझ्या हाताने!

१४ जानेवारी

संक्रांत. घरात तीळ भाजले नाहीत. हे कोसावरच्या झऱ्यावरून पाणी आणतात.

१५ जानेवारी

आमच्या परसामागची फरशी उचलली. गटाराच्या अंगचा एक दगड नाहीच. तिथून चर निघून थेट केळींच्या आळ्यात, आणि केळींना लागून विहीर. आळ्यातला चिखल तांबडा लाल. नवसू मिस्त्री यांना म्हणाला, "ह्यो दगुड आपसुक नाय निसटला. पहारीनं काढलाय."

केळी मामंजींच्या. दुसऱ्या कुणाला ते तिथे पाऊलही टाकू देत नाहीत. हे मान खाली घालून उभे राहिले. मामंजीच बोलले शेवटी, "केळीला जोर येतो त्या पान्यानं. हिरीत जाईल आसं मला काय सपान पडलं व्हतं?"

संताप आला. मग त्यांच्याकडे बघितलं – धोतराचा सोगा तोंडात कोंबून म्हातारा रडत होता. नातवावर जीव होता त्यांचा. नसेल आलं ध्यानात. चूक ती चूक, पण त्यांनी काय मुद्दाम केलं? रात्री मीच पेजेची वाटी पुढे सरकवली.

१६ जानेवारी

पण राहीमावशीचं काय? तिच्यावरचं बालंट तर उतरवायला हवं! आळीला रंग पटला, पण तिला बोलवा म्हटलं की सगळे दुसरीकडे बघतात. मी यांना सांगितलं, मी जाऊन आणते तिला, चारचौघांसमोर आपल्या ओसरीवर बसवते. हे म्हणाले, "म्हशाची जत्रा आहे. घोंगडी घ्यायला म्हणून जाऊ." भले शाबास! मला वाटलं होतं नाही म्हणतील.

१८ जानेवारी

राहीमावशी भेटली. वाळून गेलीय. पायावर डोकं ठेवलं, दगडाचं, केळींचं सगळं सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. "ठावं हाय गो. मीच दावला व्हता तुझ्या सासऱ्याला त्यो चर. म्हनलं, हिरीत घान उतरतेय, पोराला ह्ये पानी देव नुको. मलाच म्हनला, गप ऱ्हा."

मी विचारलं, कधी?

"नागपंचमीला."

नागपंचमीला वाल्मिक ठणठणीत होता. झोक्यावरून उतरायला तयार नव्हता.