खारे फुटाणे

नागभीड,
एप्रिल १९८६

प्रिय मंगली,

हे पत्र डाकेनं पाठवलं नाही, कारण डाकेनं आलेलं पत्र आधी बाबा वाचतात. कासारीण बायनाबाई माहेरी धानोऱ्याला निघाली आहे, तिच्या बांगड्यांच्या पेटीतून येतं आहे. वाचून चुलीत घाल. रविवारी तुला पाहायला पाहुणे येणार, एवढं तुला कळलं असेल. कोण, ते कोणी सांगितलं नसणार. मी सांगते, पण आधी माझं ऐक.

मला पाहायला आले होते तेव्हा तू दारामागून डोकावत होतीस, आठवतं? सासूबाईंनी पदराच्या गाठीतून खारे फुटाणे काढून माझ्या हातावर ठेवले. मला वाटलं, किती मायेची बाई! मी सगळे खाल्ले आणि वर दोन लोटे पाणी प्यायले. चैताचं ऊन, नुकती मोहफुलं वेचून आलेली, पिणार नाही तर काय? त्या खुश होऊन बाबांना म्हणाल्या, "पोरगी पाण्याची हाये. आमाले पसंत." बाबांना वाटलं, पोरगी पाणीदार आहे असं म्हणतात. छाती फुगवून गावभर सांगत फिरले.

त्याचा अर्थ मला सासरी आल्यावर कळला. यांच्या वेळी सासूबाईंना दिवस गेले तेव्हा त्यांना रात्रंदिवस तहान लागायची म्हणे. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं, की बाईला तहान लागते ती पोटातल्या पोराची, आणि जिला लवकर तहान लागते तिची कूस लवकर भरते. पुरुषाची तहान मात्र साधी. उन्हातून आला, खारट खाल्लं, मोहाची दारू पिऊन आला, की घसा सुकला आणि लोटा समोर. तुले काऊन तहान लागली, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

आणि माझं अंग मेलं असं, की पाळी यायच्या आधी तीन-चार दिवस मला फार तहान लागते. इथल्या नर्सबाई म्हणाल्या, काही बायांना लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण या घरात? मी दोनदा माठाकडे गेले की सासूबाईंचा चेहरा फुलायचा. ताटात दह्याची वाटी यायची, विहिरीवर मला कोणी धाडायचं नाही. मग पाळी यायची आणि दही बंद. "खोटी तहान घेऊन बसली," म्हणायच्या, जशी मी चोरीच केली. सहा वर्षं झाली मला हे ऐकून. शेवटी मी घरात पाणी पिणंच सोडलं. विहिरीवर ओंजळीनं पिऊन घ्यायचं आणि घरी कोरड्या तोंडानं भात गिळायचा. लघवीला आग व्हायला लागली तेव्हा नर्सबाई रागावल्या. भरपूर पाणी पी म्हणाल्या, आणि नवऱ्यालाही तपासून घ्यायला सांग म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं तर हे भडकलेच. "मले काय झालं? मले तं चांगली तहान लागते!" हसावं की रडावं तेच मला कळेना.

मंगली, रविवारी येणार आहेत त्या माझ्या सासूबाईच. तुला मागायला, यांच्याचसाठी. बहिणी-बहिणी गुण्यागोविंदानं राहतील म्हणतात. बाबांनी होकार कळवला आहे. एक पोरगी टाकून दिलेली घरी येण्यापेक्षा दोघी एका घरात बऱ्या, असं त्यांचं गणित. माझा जीव जळतो, पण माझं इथे कोण ऐकतं? तू रडलीस, भांडलीस तरी बाबा ऐकणार नाहीत. मोडायचं तर सासूबाईंच्याच तोंडून मोडायला हवं. त्या तुझ्या हातावर फुटाणे ठेवतील. सगळे खा, हसत खा. पाणी पुढे केलं तर म्हण, मले तहान लागतच नाई. घसा चिरला तरी माठाकडे पाहू नकोस. त्या एसटीत बसल्या की मग पोटभर पी, आणि माझ्याही वाटचं पी.

तुझीच थोरली बाई,
गिरजा